मोझेलच्या काठाने, रोज पस्तीस किलोमीटर

नागपूरच्या सायकलवाल्यापुढे कुठल्याही सफरीचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला: रोजचे किती किलोमीटर? मोझेल नदीकाठच्या सफरीसाठी आमचं उत्तर आहे तीस ते पस्तीस. हे ऐकून बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. रविवारी पहाटे निघून रामटेक करायचं अन् उन्हं चढायच्या आत घरी परतायचं, म्हणजे शंभरेक किलोमीटर, अशी सवय असलेल्या माणसाला पस्तीस म्हणजे अपमानच वाटतो.

पण ही नदीच तशी आहे. फ्रान्समधल्या व्होज पर्वतात उगम, मग लक्झेंबर्गची हद्द आणि शेवटी जर्मनीत कोब्लेंझला ऱ्हाइनशी संगम, असा तिचा साधारण ५४५ किलोमीटरचा प्रवास. त्यातला ट्रिअर ते कोब्लेंझ हा टप्पा सरळ रेषेत मोजला तर पंच्याण्णव-शंभर किलोमीटर भरतो, नदीच्या काठाने मात्र १९० च्या पुढे जातो. म्हणजे निम्मं अंतर नुसत्या वळणांचं. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी रेल्वे आहे, दीड तासात पोचवते. सायकल न्यायची ती त्या वळणांसाठीच, कारण द्राक्षाचे मळे, गावं अन् वाइनची तळघरं सगळी वळणांवर आहेत.

चढ नाहीच म्हणा. ट्रिअरपासून कोब्लेंझपर्यंत नदी जेमतेम ६५-७० मीटर खाली उतरते, म्हणजे उतारही पायाला कळत नाही. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, त्यामुळे प्रवाहाबरोबर, म्हणजे ट्रिअरकडून कोब्लेंझकडे जाणं सोयीचं. अर्थात नदी अर्धी गिरकी घेते तेव्हा तोच वारा तोंडावर येतो. वळण संपेपर्यंत एक गिअर उतरवायचा अन् चालू राहायचं. काठावर किलोमीटरचे फलक दिसतात. ते बोटींसाठी असतात आणि संगमापासून मोजलेले असतात, म्हणून कोब्लेंझकडे जाताना आकडा कमी होत जातो. बर्नकास्टेलला १२९, ट्राबेनला १०६, कोखेमला ५१. मोबाइलची बॅटरी संपली तरी 'आता किती उरलं' हे नदीच सांगते.

सायकल: तिकडेच भाड्याने घ्या

आपली सायकल विमानात न्यायची हौस दहा दिवसांपेक्षा लांब सफर असेल तरच परवडते. खोक्यात घालायला पॅडल काढावे लागतात, हँडल वळवावं लागतं, मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सोडवून आत बांधावा लागतो. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून जोर लावणारे क्रँकचे, म्हणजे पॅडल बसतं त्या दांड्याचे, आटे घालवून बसतात. बॅटरीवरच्या सायकलीची बॅटरी तर प्रवासी विमानात नेताच येत नाही. १६० वॉट-तासांच्या वरच्या लिथियम बॅटरीला मनाई आहे आणि सायकलच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी वर असतात. आठवड्याच्या सफरीला भाड्याची ट्रेकिंग सायकल उत्तम: मडगार्ड, कॅरिअर, घोडा, डायनॅमोचे दिवे, सगळं लावलेलं मिळतं. ट्रिअरला घेऊन कोब्लेंझला सोडायची असेल तर तसं आधीच ठरवून घ्या, परतीचे वेगळे पैसे लागतात. नाहीतर रेल्वेने ट्रिअरला आणून परत करा.

दुकानातून बाहेर पडण्याआधी एका गोष्टीची खात्री करायची. तिकडच्या बऱ्याच भाड्याच्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असतो आणि तो पॅडल उलटं फिरवलं की लागतो. आपल्याला सिग्नलवर थांबलं की पॅडल मागे फिरवून पाय ठेवायच्या जागी आणायची सवय. इथे तसं केलं की मागचं चाक जागच्या जागी गच्च. चालत्या सायकलवर पाय सहज मागे गेला, तर ओल्या फरसबंदीवर सायकल आडवीच. म्हणून घेताना विचारा: उलट्या पॅडलचा ब्रेक आहे की नाही? 'नाही' वाली असेल तर ती घ्या. मिळाली नाही तर दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं नुसतं थांबणं-निघणं करा. थांबण्याआधीच, सायकल चालू असताना, पॅडल वर आणून ठेवायचं, एवढाच त्याचा उपाय.

हातातले ब्रेकही दाबून पाहा. जर्मनीत डाव्या मुठीचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींवर उलट असतं. जोरात ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा हात विचार करत नाही.

सीटची उंची लाजून 'चालेल' म्हणत सोडून देऊ नका. पॅडल सगळ्यांत खाली असताना टाच त्यावर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलकासा बाक राहतो. दोन सेंटिमीटर खाली राहिली तरी तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं.

आता वाल्व्ह. तीन प्रकार भेटतात: मोटारीसारखा जाड, रेसिंग सायकलचा बारीक, आणि तिसरा आपल्या देशी काळ्या सायकलचाच, ज्यात आपण वॉलट्यूबचा तुकडा चढवतो. जर्मन साध्या सायकलींवर हा तिसरा अजून भरपूर आहे, फक्त त्यातल्या नव्या सुईला रबर नसतं. त्याची चकती सैल झाली की हवा हळूहळू उतरते आणि माणूस पंक्चर शोधत टायर उघडून बसतो. आधी चकती आवळा, थुंकी लावून बुडबुडे येतात का ते पाहा, मगच ट्यूबला हात घाला. टायरमध्ये हवा ५० ते ६० पीएसआय पुरे. मळ्यांच्या रस्त्यांवर पावसानंतर पाटीच्या दगडाच्या धारदार कपच्या वाहून येतात, त्या टायरमध्ये घुसतात. म्हणून एक जादा ट्यूब, दोन टायर-लिव्हर, पॅचचं पाकीट, छोटा पंप आणि सहा कोनी पान्यांचा सेट, एवढं जवळ ठेवायचंच. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून कपची काढायला विसरलात तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

कुठे किती थांबायचं

पहिला मुक्काम ट्रिअरला, अन् तो सायकलवर न बसता. रोमनांनी दुसऱ्या शतकात बांधलेला पोर्टा निग्रा हा काळा दरवाजा, रोमन पूल, १८१८ साली कार्ल मार्क्स जन्मला ते घर, सगळं पायी होतं. विमानाची झोप इथेच भरून काढायची. दुसऱ्या दिवशी ट्रिटेनहाइम किंवा नॉयमागेनपर्यंत साधारण पस्तीस-चाळीस. नॉयमागेनला रोमन काळातल्या थडग्यावरचं दगडी जहाज सापडलं, दारूची पिंपं लादलेलं. पुढे पीसपोर्टला रोमनांनी द्राक्षं पिळायची जागाच उकरून काढली आहे. इथली वाइन किती जुनी हे पुस्तक न उघडता कळतं. मग बर्नकास्टेल-कूस, नदीच्या एका अंगाला बर्नकास्टेल अन् पलीकडे कूस, तिथून ट्राबेन-ट्रारबाख चोवीसेक किलोमीटर. हा दिवस मुद्दाम लहान ठेवा. वाटेत युर्झिगजवळ डोक्यावरून हॉखमोझेल पूल जातो, २०१९ साली खुला झालेला, दरीपासून दीडशे मीटरहून उंच. त्याखाली उभं राहून वर बघताना मान दुखते.

ट्राबेनपासून त्सेल, बुलाय करत ब्रेमपर्यंतचा पट्टा आमच्या मते साऱ्या नदीत सरस. बुलायचा पूल दुमजली आहे, वरून रेल्वे, खालून रस्ता. ब्रेमला पोचलात की समोर कालमोंटचा डोंगर. साठ अंशांहून जास्त उभा, युरोपातला सगळ्यांत चढा द्राक्षमळा म्हणून प्रसिद्ध. सायकल गावात कुलूप लावून ठेवा अन् वरच्या पायवाटेने दोन-तीन तास चाला. पायात पकड असलेले बूट हवेत, चपला चालत नाहीत.

तिथे एक वेल नीट पाहून घ्या. नाशिकच्या मांडवासारखा मांडव इथे नाही. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक लाकडी खांब, माणसाहून उंच. दोन लांब काड्या दोन्ही बाजूंना वाकवून खाली आणून खांबाला बांधतात, बदामाचा आकार होतो. अशा उतारावर तारा ओढल्या तर मजुराला आडवं फिरता येणार नाही. सुट्या खांबांभोवती तो वर-खाली-आडवा कसाही जातो. माल अन् माणसं चढवायला एकाच दात्यांच्या रुळावरून खडखडत जाणारी छोटी गाडी असते. जमीन म्हणाल तर माती जवळजवळ दिसतच नाही, नुसत्या कपच्या. आपण शाळेत ज्या दगडी पाटीवर लिहायचो तोच हा दगड. काटोल-नरखेडच्या संत्र्याला जी काळी जमीन लागते तिच्या अगदी उलट प्रकृती: पाणी धरत नाही, पण दिवसभराचं ऊन साठवून रात्री वेलीला शेक देतो. थंड मुलुखात रीस्लिंग, म्हणजे इथलं पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, पिकतं ते दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावरच्या या शेकामुळे. जूनमध्ये फुलोरा, त्यानंतर शंभरेक दिवसांनी तोडणी असा शेतकऱ्यांचा अदमास. मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर ठेवणाऱ्याला हे फारच झटपट वाटेल.

ब्रेमहून बाइलश्टाइन करून कोखेम. बाइलश्टाइनला नावेने पलीकडे जाता येतं, थोडे सुटे युरो द्यायचे अन् सायकल ढकलत चढायचं. पाणी चढलेलं असेल तर नाव बंद, मग पुलापर्यंत मागे-पुढे जावं लागतं. कोखेमपासून कोब्लेंझपर्यंत पन्नास किलोमीटर. इथे सायकलवाट बरीचशी मोठ्या रस्त्याला चिकटून जाते अन् मोटारींचा आवाज पाठ सोडत नाही. सरळ सांगायचं तर हा पट्टा थोडा फिका आहे. मात्र रेल्वे काठानेच धावते, दर चार-पाच किलोमीटरवर स्टेशन, त्यामुळे कंटाळा आला तिथे गाडीत चढता येतं. मोझेलकेर्नला उतरून एल्ट्स किल्ल्यापर्यंत पायी जाणं चुकवू नका. किल्ला हिवाळ्यात बंद असतो.

वरच्या अंगाला उलट परिस्थिती. ट्रिअर ते ट्राबेन-ट्रारबाख काठाने रेल्वेच नाही, ती डोंगरामागून जाते. या पट्ट्यात पाय मुरगळला किंवा चाक वाकलं तर आधार बसचा. हंगामात सायकलींची ट्रेलर लावलेल्या बस धावतात, तिची जागा आदल्या दिवशी राखून ठेवायची.

रस्त्यावर

वाहतूक उजवीकडून. हे सगळ्यांना माहीत असतं, चूक होते ती सकाळी पहिल्यांदा निघताना अन् वाइनघरातून बाहेर पडताना, कारण रिकाम्या गल्लीत हात आपोआप डावीकडे वळतो. गावातल्या बिनफलकाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. वळायचं तर हात दाखवायचा. हेल्मेट सक्तीचं नाही, दिवे सक्तीचे आहेत.

ट्रॅक्टरला वाट द्या. मळ्यांतले डांबरी रस्ते मुळात त्यांचेच. सायकलवाल्याला तिथे येऊ देतात एवढंच. उन्हाळ्यात उभ्या उतारांवर हेलिकॉप्टरने बुरशीनाशक फवारतात. घरघर ऐकू आली तर त्या उताराखालून जाऊ नका, पाच-दहा मिनिटं थांबा.

काळ निवडताना आम्ही जूनला झुकतं माप देतो. मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीस अंशांतून पळून जावंसं वाटतं हे खरं, पण तिकडे ११ ते १५ मे हे पाच दिवस थंडीचे म्हणून लोकांच्या पंचांगात पक्के आहेत, आपल्याकडच्या रोहिणी-मृगासारखे. सकाळी पाच-सात अंशांत बिनमोज्यांच्या बोटांनी ब्रेक दाबणं कठीण जातं. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी बघायला मिळते, पण दरीत सकाळी धुकं बसतं, दहा-अकराशिवाय पलीकडचा काठ दिसत नाही, अन् शनिवार-रविवारी एका रात्रीसाठी खोली द्यायला घरमालक कां-कूं करतात. 'बेट उंट बाइक' अशी पाटी असलेली घरं एका रात्रीच्या पाहुण्यालाही घेतात आणि सायकल कुलपात ठेवतात. जुलै-ऑगस्टची दुपार नागपूरकराने हसण्यावारी नेऊ नये: पारा तेहतीसच असला तरी दगड तापलेला, सावली नाही, अन् रात्री खोलीत पंखासुद्धा नसतो.

ग्लास, पोट आणि कायदा

सायकलवर प्यायला मोकळीक आहे असा समज घेऊन बरेच जण जातात. रक्तात अल्कोहोलचं प्रमाण दर हजारी १.६ झालं की सायकलस्वारही थेट गुन्हेगार. आणि चालवणं डगमगलं किंवा अपघात झाला तर ०.३ लाच अंगाशी येतं. हिशेब करा: ११ टक्क्यांची वाइन, २०० मिलिलिटरचा ग्लास, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाला एवढ्यानेच ०.३५ च्या आसपास चढतं. म्हणून दुपारी चाखायचा १०० मिलिलिटरचा छोटा ग्लास, नाहीतर वाइनमध्ये निम्मा सोडा घातलेली 'शोर्ले'. मोठा ग्लास सायकल ठेवून दिल्यावर. ग्लासावर मापाची रेघ असते, ओतणारा तिथपर्यंत ओततो. न पिणाऱ्यांनी द्राक्षाचा रस सोडा घालून मागावा, तोही त्याच मळ्यातला असतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून, म्हणजे दारूबंदीतून आलेल्या मंडळींचं त्यावर छान भागतं.

बाटलीवरचं जर्मन वाचता आलं नाही तरी टक्केवारी वाचा. ७.५ ते ९ असेल तर साखर पूर्ण आंबू दिलेली नाही, वाइन गोडसर असणार. १२ च्या पुढे असेल तर साखर सगळी संपलेली, कोरडी. पहिल्यांदा चाखणाऱ्याला कोरडं रीस्लिंग आंबट लागतं. 'काबिनेट' लिहिलेली आठ टक्क्यांची घ्या: आंबट-गोड दोन्ही, लिंबाच्या सरबताच्या वळणाची.

दारावर फांद्यांची जुडी किंवा झाडू टांगलेला दिसला तर ते शेतकऱ्याचं स्वतःचं वाइनघर. कायद्याने त्याला वर्षातून जास्तीत जास्त चार महिने अन् चाळीस खुर्च्या, वाइन फक्त आपल्या मळ्याची. खाणं साधं. शाकाहारी माणसाची अडचण इथे 'श्पेक' या शब्दाशी आहे, म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे. भाजलेल्या बटाट्यांत, पातळ पोळीसारख्या फ्लामकुखेनवर, कांद्याच्या केकमध्ये, सगळीकडे ते न विचारता येतात. 'ओने श्पेक' एवढं पाठ करा. चीजचे श्पेत्सले (नूडल्सचा प्रकार), बटाट्याचे किसून तळलेले वडे, २४ जूनपर्यंत पांढरा शतावर, यावर पोट भरतं. रविवारी दुकानं बंद, फक्त बेकरी सकाळी थोडा वेळ. सोमवार-मंगळवारी खानावळींची सुटी. शनिवारीच दोन वेळचं घेऊन ठेवा. चिवडा अन् मेथीचे ठेपले नागपूरहून न्यायला हरकत नाही. दुधाचे-मांसाचे पदार्थ मात्र प्रवाशाच्या सामानातून तिकडे चालत नाहीत, म्हणून खव्याची मिठाई घरीच बरी.

सप्टेंबरात 'फेडरवायसर' मिळतो, अजून आंबत असलेला धुरकट रस. त्यातून वायू सतत सुटत असतो म्हणून बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं. घट्ट केलं तर बाटली फुटेल. ती बाटली बॅगेत आडवी टाकली की पुढच्या गावापर्यंत कपडे, पासपोर्ट, मोबाइल सगळं चिकट. उभीच न्यायची, कॅरिअरच्या मागच्या कोपऱ्यात, किंवा जिथे घेतली तिथेच संपवायची.

निघण्याआधी

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. नागपूरहून मुंबई-दिल्लीमार्गे फ्रँकफर्ट, तिथून कोब्लेंझ बदलून रेल्वेने ट्रिअर, साधारण तीन तास.

सराव वेगाचा नको, बसण्याचा करा. सलग तीन दिवस पहाटे अंबाझरी-फुटाळ्याकडून तीस-पस्तीस किलोमीटर, कॅरिअरच्या बॅगांत दहा किलो वजन घालून. एकाच दिवशी शंभर मारून हे साधत नाही, कारण दुखायचं ते तिसऱ्या दिवशी दुखतं.

परतीला भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य बिनशुल्क आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. त्या रेनकोटात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध.

कोब्लेंझहून सायकल घेऊन ट्रिअरला परतताना साधी लोकल गाडी धरा. कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर या भागात सायकलला तिकीट लागत नाही, जागा असली तर. डब्यावर सायकलचं चित्र असतं, बॅगा आधीच काढून हातात घ्या. कोखेम सुटलं की गाडी ४.२ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते अन् तुम्ही एक अख्खा दिवस घालवलेलं वळण काही मिनिटांत कापते. बसायचं डाव्या खिडकीशी: बुलायच्या दुमजली पुलानंतर बोगदा, आणि बाहेर पडताच डोंगराला लगटून गेलेला ९२ कमानींचा पूल, खाली मोझेल.